बाणातला ण

उमराणकर सरांवर मी लिहू नये हे बरं, असं स्मृतिअंकाच्या मंडळींना मी दोनदा कळवलं होतं. तिसऱ्यांदा त्यांच्यातल्या एका तरुण मुलीचा फोन आला. "मॅडम, सरांच्या सगळ्यात जवळच्या तुम्ही. पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलंत. तुमच्याशिवाय अंक कसा निघेल?" हाताखाली हा शब्द तिनं सहज वापरला, पण बरोबर वापरला. मी म्हटलं, लिहिते. छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

सर गेले त्याला तीन महिने होतील. शोकसभेत सात जण बोलले. सातही जण 'व्यासंगी' म्हणाले, पाच जण 'निःस्पृह' म्हणाले आणि एकानं 'चालताबोलता इतिहास' म्हटलं. चालत होते, बोलत होते, एवढं खरं. बोलत तर फारच होते. मी मागच्या रांगेत बसून होते. मला बोलायला बोलावलं तेव्हा घसा बसलाय असं खुणेनं सांगितलं. घसा ठणठणीत होता. गप्प बसण्याची मला सवय आहे. त्या सवयीनं काय केलं, तेच सांगायला बसले आहे.

सरांना ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उंच, काटकुळा माणूस. पांढरा सदरा, वर तपकिरी जाकीट, उन्हाळ्यातसुद्धा. गालात लवंग. हातात मिटलेली छत्री. ती पावसासाठी नव्हतीच, बोट दाखवायला बोटाऐवजी वापरायची. आणि जाकिटाच्या खिशात लाल स्केचपेन. हे पेन नाशकातल्या पुष्कळ दुकानदारांना माहीत होतं. 'शुध्द शाकाहारी' अशी पाटी दिसली की सर थांबायचे, ध चा द आणि द चा ध करायचे आणि पुढे निघायचे. एका मिसळवाल्यानं त्यांना हटकलं, "अहो काका, पाटी माझीय." सर म्हणाले, "पाटी तुमची. भाषा माझी." मिसळवाला म्हणाला, "मग मिसळ पण तुमच्याच घरी खा." हा किस्सा सर स्वतःच सांगायचे, पण शेवटचं वाक्य गाळून. ते मला मिसळवाल्यानं सांगितलं.

लग्नाची पत्रिका आली तर ते लग्नाला जात नसत. पत्रिका तपासून परत पाठवत. वर लाल अक्षरात गुण, दहापैकी. एका विद्यार्थ्याचे वडील गेले, तेव्हा आम्ही सगळे त्याच्या घरी भेटायला गेलो. सतरंजीवर बसल्या बसल्या सरांनी पेपरातली निधनवार्ता वाचली, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दुःखदमध्ये विसर्ग राहिलाय." पोरगा रडता रडता "हो सर" म्हणाला. आम्ही बाहेर पडल्यावर हसलो. मीही हसले. अशा वेळी कोण कोण हसलं ते लक्षात राहतं.

'अशुद्ध माणूस' ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी. आणि एक वाक्य ते वर्गात दर शनिवारी म्हणायचे, "लोक बोलतात. माणसं उच्चारतात."

वर्ग म्हणजे मोडीचा वर्ग. जुन्या नाशकातल्या एका वाचनालयाच्या माडीवर, शनिवारी दुपारी. मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून होते, लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती आणि शनिवारची दुपार घराबाहेर काढायला एक कारण हवं होतं, इतकंच. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सर, पानी कुठं ठेवलंय?"

सर खडू ठेवून वळले. "काय कुठं ठेवलंय?"

"पानी."

"कुठल्या आपण?"

"घोटीची." माझे वडील रेल्वेत होते, इगतपुरीला. आमच्याकडे पाऊस एवढा की पाण्याला कुणी ण लावत बसत नाही.

"घोटीकरबाई," सर म्हणाले, "पानी प्यायलात तर तहान भागेल, अभ्यास व्हायचा नाही. ण. बाणातला ण. जिभेचा शेंडा वर, मागे, टाळूला. म्हणा."

वीस जणांसमोर, सदतिसाव्या वर्षी, मी जिभेचा शेंडा टाळूला लावून तीनदा 'पाणी' म्हटलं. माझं आडनाव घोटीकर नाही. पण त्या दिवसापासून माडीवर मला दुसरं नाव नव्हतं. मी घरी आरशासमोर उभं राहून लोणी, कोणी, पाणी, राणी घोकलं. वर्षभरात माझा ण वर्गात सगळ्यांत चांगला झाला. आणि मला त्याचा अभिमान वाटायला लागला, ही त्यातली खरी लाजिरवाणी गोष्ट.

एकदा वर्ग चालू असताना दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. लुगडं, हातात कापडी पिशवी, जिना चढून धाप लागलेली. सरांकडे पाहून तिचं तोंडभर हसू. "कसा शे रे दादू? तुनाकरता बिबड्या आन्यात."

सरांचा चेहरा मी पाहिला. खडूसारखा झाला. ते म्हणाले, "बाई, वर्ग चालू आहे. आपण खाली बसावं." आणि आमच्याकडे वळून, "आमच्या गावाकडच्या आहेत. पूर्वी घरी कामाला असत."

मी तिच्यामागोमाग खाली गेले, तिला तांब्या दिला. ती पायरीवर बसून प्यायली. म्हणाली, "मी त्यानी मोठी बहीण शे. आई गयी तवय मीच त्याले लहानना मोठा कया." मग वर बोट दाखवून, "काय शिकाडस तो?"

"जुनं लिहिलेलं वाचायला शिकवतात."

"बरं शे," ती म्हणाली. बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पिशवी माझ्याकडे दिली आणि एस.टी. चुकेल म्हणून गेली. मी वर जाऊन पिशवी सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती बघितली नाही, मी काही बोलले नाही. सख्ख्या बहिणीला कामवाली म्हणणाऱ्या माणसाच्या वर्गातून मला तेव्हाच उठून जाता आलं असतं. पण त्याच आठवड्यात त्यांनी मला आपली मदतनीस नेमलं होतं.

आता राजवाड्याचं. कारण सरांचं नाव झालं ते राजवाड्यामुळे, आणि माझं पाप तिथलंच.

गंगापूर रोडनं बाहेर पडल्यावर, नदीच्या अंगाला, एक दोन मजली बंगला आहे. पश्चिमेच्या डोंगरातल्या एका लहानशा संस्थानच्या राजानं तो बांधला. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, स्नानाला आलं की उतरायला जागा. सागवानी खांब, गच्चीवर दोन सिमेंटचे सिंह, त्यांतल्या एकाला शेपूट नाही, आणि पुढे एक कारंजं, ज्यातून कुणी कधी पाणी उडताना पाहिलेलं नाही. संस्थान विलीन झाल्यावर तिथे आधी एक कचेरी होती, मग द्राक्षाच्या पेट्यांचं गोदाम, मग वटवाघळं. आसपासचे लोक त्याला 'संस्थानचा बंगला' म्हणत. सरांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि बंगल्याचा 'गुलशनप्रासाद' झाला. एकेकाळी नाशकाला गुलशनाबाद म्हणत, म्हणून. पुस्तकात कारंजं इटलीहून आलं. टंकलेखन माझं. मी ते कारंजं जाऊन पाहिलं होतं; बुडाशी सिमेंटच्या गोणीची छाप उमटलेली स्पष्ट दिसते. मी 'इटली' टाइप केलं.

बंगल्याची किंमत शून्य. पण त्याच्यामागे बाग होती, आणि ती खरी होती. विहीर, दगडी पाट, पाटाच्या दोन्ही अंगांना गुलाबाचे वाफे. गावठी गुलाब, लहान, गडद, ज्याचा वास हाताला दोन दिवस राहतो. पुढे मोगरा, शेवंती, झेंडू. ही बाग कांताबाई करायची. साठीची, काळी, बुटकी माळीण, बोलायला फटकळ. तिचा नवरा गेलेला, मुलगा सातपूरला कंपनीत. सकाळी फुलं तोडायची, टोपली भरायची, फुलबाजारात न्यायची. तिच्या सासरची पाचवी पिढी त्या मातीत होती. राजे आले, गेले, पेट्या आल्या, गेल्या, माळी तिथेच.

सर मला घेऊन पहिल्यांदा बागेत गेले तेव्हा त्यांनी छत्रीनं वाफे दाखवून विचारलं, "ही बाग कुणाची?"

"रानीची," कांताबाई म्हणाली. हात खुरप्यावर, मान खालीच.

"ण म्हणा, ण. राणीची."

"न्हाय वो. रानीची. आमच्या सासऱ्याची आज्जी, रानीआज्जी. तिनं लावली."

"म्हणजे राणीसाहेबांनी लावली."

कांताबाईनं मान वर केली. माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्यास्नी ऐकू कमी येतं का बाई?"

सरांना ऐकू उत्तम येत होतं. पण त्यांना जे ऐकायचं होतं ते त्यांच्या कानात आधीच तयार होतं. पुढच्या व्याख्यानात राणी आली. त्याच्या पुढच्या व्याख्यानात ती माळव्यातून आली. तिसऱ्यात माहेरच्या गुलाबांच्या आठवणीनं ती झुरली आणि राजानं तिच्यासाठी बाग उभी केली. चौथ्यात श्रोत्यांतल्या बायका डोळे पुसत होत्या. मी दर वेळी सुधारून टाइप करायची. राणीचं वय, राणीच्या साडीचा रंग, राणीचं दुःख. माझ्या डोळ्यांदेखत एक बाई जन्मली आणि तिनं दुसरीला मारलं.

विहिरीच्या काठाला एक उभा दगड होता, शेंदूर लावलेला. दर हंगामाचं पहिलं फूल कांताबाई त्या दगडाला वाहायची. "ही रानीआज्जी," ती मला म्हणाली होती. "पयलं फूल तिचं. मग बाजाराचं." सरांनी दगड पाहिला, पुस्तकात 'राणीची समाधी' अशी नोंद केली, आणि ज्या ट्रस्टकडे बंगल्याचा ताबा होता, म्हणजे संस्थानच्या वारसांनी नेमलेल्या ट्रस्टकडे, पाठपुरावा करून दगडाभोवती साखळदंड लावून घेतला. पाटी लावली: 'ऐतिहासिक स्मारक. स्पर्श करू नये.' पाटीचा मजकूर मी तपासला. शुद्ध होता.

त्या वर्षी मोसमाचं पहिलं फूल घेऊन कांताबाई साखळीपाशी उभी राहिली. पहारेकरी म्हणाला, "मावशी, हात लावायचा नाही. लिहिलंय."

"काय लिवलंय?"

"राणीची समाधी आहे."

"आरं, माझ्या सासरची हाय ती! जित्ती असती तर तुझ्या थोबाडात दिली असती."

तिनं फूल साखळीवरून आत फेकलं. दगडाला लागून ते खाली पडलं. सर बाजूलाच होते. मला म्हणाले, "पाहिलंत? लोकमानसात राणी अजून जिवंत आहे. हे परिशिष्टात घ्या."

मी घेतलं.

मग तो कागद सापडला. वारसांनी सरांकडे संस्थानच्या दप्तराचे काही रुमाल दिले होते. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागद. ते सोडायचे, वाचायचे, नागरीत उतरवायचे, हे काम माझं. एका दुपारी माडीवर मी एकटीच होते. हातभर लांबीचा कागद निघाला, कडा वाळवीनं खाल्लेल्या, मधला मजकूर स्वच्छ. मी वाचला. पुन्हा वाचला. पाठ आहे:

'बाग बंगल्यानजीक रानीनें मेहनत करून लाविली सबब विहिरीचें पाणी व बाग तिजकडे व तिचे लेकराचे लेकरीं चालवणें. कोणी मुजाहीम न होणें.'

म्हणजे, रानीनं कष्ट करून बाग लावली, म्हणून बाग आणि विहिरीचं पाणी तिच्याकडे आणि तिच्या वंशजांकडे चालू ठेवावं, कुणी आडवं येऊ नये. कांताबाई जे तोंडानं सांगत होती ते राजाच्या शिक्क्यानिशी कागदावर होतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा घोटाळा होतो, शब्द एकमेकांना चिकटतात, पण न आणि ण हे नवशिक्यालाही कळतात इतके वेगळे. इथे न होता. आणि कारकुनाला ण येत नव्हता असंही नाही. त्याच कागदात 'पाणी' मध्ये त्यानं ण कसा डौलदार काढला होता.

सर आले. मी कागद पुढे केला. त्यांनी भिंग लावलं. पुष्कळ वेळ लावून धरलं. मग म्हणाले, "उत्तम. राणीचा अस्सल पुरावा."

"सर, रानी आहे."

"लिहिणारा अडाणी. बोलला तसा लिहिला."

"पण पाणीमध्ये..."

"पाणी त्याला येत असेल," सर म्हणाले. "तुम्हालाही हल्ली येतं."

एवढंच. पण माडीवरच्या त्या वीस जणांसमोरची दुपार माझ्या तोंडात परत आली, जिभेच्या शेंड्यासकट. तरी मी धीर करून म्हटलं, "सर, राणीसाहेबांना नुसतं 'रानीनें' कोण लिहील? आणि राणी मेहनत कशी करेल?"

"मेहनत म्हणजे देखरेख." त्यांनी भिंग खिशात घातलं. "घोटीकरबाई, अशुद्ध लिहिलेलं शुद्ध करून वाचणं हाच आपला धर्म. नाहीतर आपल्यात आणि त्या फुलवालीत फरक काय?"

मला फरक हवा होता. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. वर्षभर आरशासमोर उभं राहून मी तो फरक कमावला होता. 'सर, हा न आहे' असं ठामपणे म्हणणं म्हणजे पुन्हा न वाल्यांच्या रांगेत जाऊन उभं राहणं. मी नागरी प्रत टाइप केली: 'राणीनें'. एक अक्षर.

तोवर ट्रस्टनं ठरवलं होतं की बागेच्या जागी लग्नाची लॉन्स करायची. कांताबाईला जागा सोडायची नोटीस गेली. तिनं वकील धरला. सुनावणीत तिच्याकडे सांगायला होतं, दाखवायला काही नव्हतं. ट्रस्टकडे दाखवायला सरांची प्रत होती: बाग राणीनं लावली, राणीच्या वंशजांकडे चालवावी, आणि राणीचे वंशज म्हणजे ट्रस्टचे मालक. जो कागद कांताबाईचा होता, तोच तिच्याविरुद्ध उभा राहिला. खाली सरांची सही, तिच्याखाली ओळ: 'मूळ मोडीवरून तपासले. बरोबर आहे.' त्या ओळीखाली माझी सही.

सही करताना सर म्हणाले, "आपलं संशोधन दालन होणार आहे प्रासादात. ट्रस्टनं शब्द दिलाय. पहिलं कपाट तुमच्या नावानं." मी कपाटासाठी सही केली नाही. पण मी कपाटासाठी केली नाही याचं श्रेय मला कसलं? फुकट केली.

निकाल लागला. जेसीबी आला त्या सकाळी मी गेले नाही. नंतर गेले. पाट बुजवला होता, वाफ्यांवर लाल माती पसरून तिच्यावर तयार हिरवळीच्या गुंडाळ्या उलगडत होते, सतरंजीसारख्या. शेंदराचा दगड उचलून, धुऊन, चौथऱ्यावर बसवला होता. त्याच्यावर फायबरची राणी. हातात फायबरचा गुलाब. उद्घाटनाला सरांना शाल मिळाली, 'राजइतिहासकार' असं मानपत्र मिळालं. मानपत्रात 'ऋणानुबंध' चुकलं होतं. त्यांनी तिथेच लाल पेन काढलं. संशोधन दालन झालं, ते वर्षभर टिकलं. आता तिथे नवऱ्या मुलींचा मेकअप होतो. माझ्या कपाटात हँगर लावलेत.

मी हसत नाही. म्हणजे, आता हसत नाही.

कांताबाई अंबडकडे मुलाच्या दोन खोल्यांत गेली. एका देवळाबाहेर बसून फुलं विकायची, बाजारातून विकत आणलेली. ज्या बाईनं आयुष्यभर फुलं तोडली, ती आता दुसऱ्याची फुलं मोजून घेत होती. मी त्या रस्त्यानं जाणं टाळायची. तीन वर्षं टाळलं. मग गेल्या वर्षी कळलं की तिच्या वकिलानं अपील लावून धरलंय आणि ते आता सुनावणीच्या बोर्डावर येतंय. मूळ कागद सरांकडच्या रुमालात होता, पण टाइप करताना मी मोबाइलवर फोटो काढला होता. इतकी वर्षं तो फोटो माझ्याजवळ होता. कधी पुसला नाही, कधी दाखवला नाही.

मी देवळापाशी गेले. तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. अक्षर, सही, सगळं. ती हार ओवत होती. ओवतच राहिली.

"म्हंजी तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"हो."

"पयल्यापासनं."

"हो."

"मंग तवा कुठं गेली व्हती जीभ? चरायला?"

मी तिच्या टोपलीतली फुलं बघत होते.

"आता बी गप. तुमी लोक लय शिकता, आन् बोलायचं तेवढं इसरता." तिनं दोऱ्याची गाठ मारली, दातानं तोडली. "वकिलाकडं जा. मला कशाला सांगता? मला काय नवीन हाय त्यात? रानीआज्जी रानीआज्जीच हाय. तुमास्नी आज कळलं, माझ्या सासूला लगीन होऊन आली तवाच कळलं व्हतं." मग पुढचा दोरा ओढून घेत, "उठा आता. गिऱ्हाईक थांबलंय."

तिनं मला माफ केलं नाही. तेही बरोबर. मी वकिलाकडे गेले, लेखी जबाब दिला, फोटो दिला, माझी सही चुकीची होती असं लिहून दिलं. मूळ कागद हजर करायचा आदेश मागितला आहे. पुढची तारीख लागायची आहे.

जबाब दिल्यावर सरांना तोंडावर सांगावं असं वाटलं. घरी गेले तर कळलं, ते लॉन्सवर आहेत. हल्ली रोज जातात. भर दुपारी गेले. त्या दिवशी संध्याकाळी लग्न होतं. मांडववाले, खुर्च्या, जनरेटर. राणीच्या पुतळ्यापाशी एक जोडपं फोटो काढून घेत होतं आणि सर, खूप वाळलेले, जाकीट खांद्यावरून उतरलेलं, छत्रीनं पुतळा दाखवत त्यांना सांगत होते, "ही राणी माळव्यातली..." मुलगी म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." सर बाजूला झाले. कॅमेरावाला म्हणाला, "अजून थोडं." सर अजून झाले. वाक्य मात्र चालूच होतं, पण आता हवेला.

मी जवळ गेले. सांगितलं, "सर, मी जबाब दिलाय. रानी आहे म्हणून."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मला काय न वाचता येत नव्हता, बाई?"

"केव्हापासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशीच दिसला. भिंगाची गरज नव्हती." त्यांनी लवंग या गालातून त्या गालात नेली. "पण माळणीचा इतिहास कोण ऐकतो? व्याख्यानाला कोण येतो? राणी होती म्हणून ही जागा राहिली. नाहीतर इथे फ्लॅट झाले असते."

"आणि कांताबाई?"

"कोण?" त्यांनी खरंच विचारलं. नाव त्यांना कधी माहीतच नव्हतं.

पंधरा वर्षं मी ज्या माणसाच्या उच्चारांची भीती बाळगली, त्याच्याबद्दल मला त्या क्षणी तुच्छता वाटली. स्वच्छ, थंड. आणि लगेच कळलं की तिच्यातला मोठा वाटा माझा आहे. तो निदान खोटं ओरडून सांगत होता. मी ते तपासून बरोबर करून देत होते.

आम्ही फाटकाकडे निघालो. संध्याकाळच्या लग्नाचे पाहुणे लवकर यायला लागले होते म्हणून नवा पहारेकरी दाराशी येणाऱ्याजाणाऱ्यांची वही घेऊन बसला होता. त्यानं सरांना अडवलं.

"कुणाकडचे? मुलीकडचे का मुलाकडचे?"

"मी इथला इतिहासकार," सर म्हणाले.

"ते ठीक, पण कुणाकडचे?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना शब्दासाठी अडलेलं पाहिलं. ते पुतळ्याकडे बघत राहिले, जोडप्याचे फोटो चालूच होते. पहारेकऱ्यानं कंटाळून माझ्याकडे मान वळवली. "आणि मावशी तुम्ही? तुम्ही कुणाकडच्या?"

"रानीकडची," मी म्हटलं. न, घोटीचा न, दातांमागचा, मोकळा, मोठ्यानं.

सरांनी सवयीनं तोंड उघडलं. लवंगेसकट जिभेचा शेंडा वर, मागे, टाळूकडे गेलेला मला दिसला. तो तिथे टेकला आणि तसाच राहिला. आवाज आला नाही. मी फाटकाबाहेर पडून मागे पाहिलं तेव्हाही सर तसेच उभे होते, तोंड अर्धं उघडं.